चक्र का फिरतंय?

घरातले जुने व्हिडिओ टीव्हीवर लावायचे, एवढाच साधा बेत होता. पण पंधरा पाहुण्यांसमोर पडद्यावर फक्त चक्र फिरत राहिलं. मग सुरू झाली पाच दिवसांची शोधमोहीम. तुमच्या हॉस्टेलवर, फ्लॅटवर किंवा घरी हेच चक्र फिरत असेल, तर ही गोष्ट तुमच्यासाठी.

गणपतीचा पहिला दिवस. आरती झाली, मोदकांवर ताव मारून झाला आणि सातारच्या आमच्या घरात सगळी मंडळी सोप्यात टीव्हीसमोर बसली. रिमोट माझ्या हातात. 'आता बघा हं' म्हणत मी बटण दाबलं. पडद्यावर आजोबा दिसले. खुर्चीतून उठले, माईककडे दोन पावलं चालले आणि थांबले. पडद्याच्या मधोमध चक्र फिरायला लागलं. आवाज दोनदा तुटक तुटक आला आणि तोही बंद.

'अगं, पुण्यात मग शिकतेस तरी काय?' आत्यानं विचारलं आणि सगळे हसले. मीही हसले, पण कान गरम झाले होते.

सगळ्यांत पुढच्या खुर्चीत आजी बसली होती. काचबिंदूमुळे तिची नजर जवळपास गेलीये. तिनं हळूच विचारलं, 'काय झालं गं? बोलेनात का ते?'

त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पाच दिवस लागले.

काय होतं त्या डिस्कमध्ये?

२००९ साली आजोबांची पंच्याहत्तरी झाली. काकांनी तेव्हा नवाकोरा फुल एचडी व्हिडिओ कॅमेरा घेतला होता. त्यांनी अख्खा समारंभ शूट केला, फाईल्स एका हार्ड डिस्कवर टाकल्या आणि डिस्क कपाटात गेली. २०१२ मध्ये आजोबा गेले. डिस्क कपाटातच राहिली. तिच्यात आणखी एक ऐवज होता, आई-बाबांच्या १९९८ सालच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट. ती एका स्टुडिओतून डिजिटल करून आणली होती.

मास कॉमच्या प्रोजेक्टसाठी आम्ही फ्लॅटवर एक 'मीडिया सर्व्हर' केला होता. नाव भारदस्त असलं तरी प्रकार साधा आहे. एका जुन्या लॅपटॉपवर फाईल्स ठेवायच्या, त्यावर एक सॉफ्टवेअर टाकायचं आणि घरातल्या कुठल्याही टीव्हीवर किंवा मोबाईलवर ते व्हिडिओ बघायचे. प्लेक्स, एम्बी, जेलिफिन ही यातली ओळखीची नावं. जेलिफिन पूर्णपणे फुकट आणि ओपन सोर्स आहे. २०१८ मध्ये एम्बीनं आपला कोड बंद केला, तेव्हा काही डेव्हलपर्सनी जुना कोड घेऊन ते वेगळं काढलं. म्हटलं, हाच लॅपटॉप घरी नेऊ आणि गणपतीत सगळ्यांना सरप्राईज देऊ. सरप्राईज मिळालं, पण मलाच!

संशयित क्रमांक एक : इंटरनेट

'प्लॅन वाढवून घेऊ,' बाबा म्हणाले. त्यांनी केबलवाल्याला फोनही लावला. दादा म्हणाला, 'दोनशे एमबीपीएस घ्या, झंझट संपेल.' आपल्याकडे व्हिडिओ अडकला की दोष नेटचा, हे ठरलेलंच असतं.

पण जरा विचार करा. फाईल आहे लॅपटॉपवर. ती जाणार राउटरकडे आणि राउटरकडून टीव्हीकडे. या सगळ्या प्रवासात ती घराबाहेर पडतच नाही. मग बाहेरच्या इंटरनेटचा संबंध येतोच कुठे? खात्री करायला मी राउटरमधून बाहेरच्या नेटची वायर काढली आणि व्हिडिओ पुन्हा लावला. आधीसारखाच सुरू झाला आणि आधीसारखाच अडकला. म्हणजे नेट निर्दोष. बाबांनी केबलवाल्याला परत फोन करून 'राहू दे' सांगितलं. दर महिन्याचे पैसे वाचले, हा पहिला फायदा.

संशयित क्रमांक दोन : फाईल

फाईलच खराब असेल तर बाकी सगळी उठाठेव व्यर्थ. म्हणून तीच फाईल लॅपटॉपवर थेट व्हीएलसीमध्ये उघडली. मक्खन चालली. (हे व्हीएलसी मुळात एका कॉलेज प्रोजेक्टचं अपत्य आहे, माहितीये? १९९६ मध्ये पॅरिसच्या इकोल सांत्राल या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या मुलांनी कॅम्पसच्या नेटवर्कवरून व्हिडिओ पाठवण्यासाठी हे काम सुरू केलं आणि २००१ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं केलं. आपल्या प्रोजेक्टचं सबमिशननंतर काय होतं, ते सांगायला नको.)

पहिल्या रात्री एवढंच कळलं, की फाईल ठीक आहे आणि नेटचा संबंध नाही. दोष मधल्या वाटेवर कुठेतरी आहे.

स्वयंपाकघर, वाढपी आणि पंगत

इंजिनीअरिंगला असलेल्या मित्राला फोन केला. त्यानं जे समजावलं, ते मी माझ्या भाषेत सांगते. लॅपटॉप म्हणजे स्वयंपाकघर, राउटर म्हणजे वाढपी आणि टीव्ही म्हणजे पंगतीला बसलेला पाहुणा. पाहुण्याला पदार्थ जसा आहे तसा चालत असेल, तर वाढप्यानं तो उचलायचा आणि पानात वाढायचा. याला म्हणतात 'डायरेक्ट प्ले'. यात लॅपटॉपला फारसं कामच नसतं.

पण पाहुणा म्हणाला, 'मला हे चालत नाही, दुसरं काहीतरी द्या,' तर स्वयंपाकघरात तोच पदार्थ नव्यानं रांधावा लागतो. याला म्हणतात 'ट्रान्सकोडिंग'. व्हिडिओ उलगडायचा, टीव्हीला चालेल अशा रूपात पुन्हा बांधायचा आणि हे सगळं व्हिडिओ चालू असतानाच करायचं. स्वयंपाकाचा वेग जेवणाच्या वेगापेक्षा कमी पडला की पाहुणा रिकाम्या पानासमोर बसून राहतो. ते फिरणारं चक्र म्हणजे हे रिकामं पान!

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ चालू ठेवून लॅपटॉपवर टास्क मॅनेजर उघडला. सीपीयू १०० टक्के. पंखा तर असा घोंघावत होता, की आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, 'मिक्सर कोणी लावला?' बिचारा लॅपटॉप चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा, माझ्या अकरावीच्याही आधीचा. तो जिवाच्या आकांतानं रांधत होता.

उपाय एक : सर्व्हरच्या सेटिंगमध्ये 'हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन' सुरू केलं. इंटेलच्या प्रोसेसरमध्ये व्हिडिओच्या कामासाठी 'क्विक सिंक' नावाचा वेगळा भाग असतो. रांधायचं काम त्याच्याकडे दिलं की मुख्य सीपीयू मोकळा होतो. (जुन्या लॅपटॉपवर सर्व्हर करणार असाल तर एक लक्षात ठेवा. चौथ्या पिढीचा हा भाग एच.२६४ सांभाळतो, पण नवा एचईव्हीसी फॉरमॅट त्याला झेपत नाही. ८ बिट एचईव्हीसी सहाव्या पिढीपासून चालतो आणि १० बिट सातव्या पिढीपासून.) चक्र थांबलं, पण चित्र इतकं धुरकट झालं, की आजोबा कोण आणि शेजारचे काका कोण, ते कपड्यांवरून ओळखायची वेळ आली.

पण मुळात रांधायची वेळ का आली?

इथे मित्रानं लाख मोलाचा प्रश्न विचारला. 'टीव्हीला एच.२६४ चालतो, तुझी फाईल एच.२६४ आहे. मग सर्व्हर ट्रान्सकोड करतोयच कशाला?'

अशा बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओ चालू असताना 'प्लेबॅक इन्फो' किंवा डॅशबोर्ड बघता येतो. फाईल थेट जातेय की ट्रान्सकोड होतेय आणि का, हे तिथे लिहिलेलं असतं. मी तीन दिवस तिथे फिरकलेच नव्हते. तिथे कारण होतं, बिटरेट मर्यादेबाहेर. आमची फाईल सेकंदाला साधारण १७ मेगाबिटची, म्हणजे तासाला साडेसात जीबीच्या आसपास. टीव्हीवरच्या अ‍ॅपमध्ये क्वालिटी 'ऑटो'वर होती. अ‍ॅपनं आधी वाट तपासली, वाय-फाय अशक्त दिसला आणि त्यानं सर्व्हरला सांगितलं, 'मला हलकं करून दे.' म्हणून ट्रान्सकोडिंग, म्हणून सीपीयू १०० टक्के, म्हणून चक्र. दुखणं वाय-फायचं आणि आम्ही इंजेक्शन देत होतो लॅपटॉपला!

आमचं घर जुनं. राउटर बाबांच्या खोलीत, टीव्ही सोप्यात आणि मध्ये दगडी भिंत. वाय-फायचा २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा भिंतीतून बऱ्यापैकी जातो, पण त्याचा वेग कमी असतो, गर्दी जास्त आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात लुडबुड करतो. ५ गिगाहर्ट्‌झ वेगवान, पण जाड भिंतीपुढे हात टेकतो. त्यात आमचा लॅपटॉपही वाय-फायवर आणि टीव्हीही वाय-फायवर. म्हणजे तीच फाईल आधी लॅपटॉपकडून राउटरकडे आणि मग राउटरकडून टीव्हीकडे, अशी दोनदा हवेतून जाणार. एकाच पट्ट्यावर असाल तर उपलब्ध वेग जवळजवळ निम्मा होतो.

उपाय दोन : राजवाड्याजवळच्या दुकानातून लॅनची लांब वायर आणली. लॅपटॉप राउटरशेजारी हलवला आणि छोट्या वायरनं जोडला. लांब वायर दादानं गणपतीच्या माळांच्या आडून, चौकटीवरून टीव्हीपर्यंत नेली. अनेक टीव्हींचं लॅन पोर्ट १०० एमबीपीएसचंच असतं, पण १७ मेगाबिटच्या फाईलला ते भरपूर आहे. अ‍ॅपमध्ये 'ऑटो' काढून क्वालिटी सगळ्यांत वरची ठेवली.

व्हिडिओ लावला. डॅशबोर्डवर 'डायरेक्ट प्ले' आलं, सीपीयू निवांत आणि चित्र काचेसारखं स्वच्छ. आजोबांच्या शर्टावरची पट्टीन् पट्टी दिसत होती. मी आनंदानं ओरडले, 'आजी, झालं!'

आजी खुर्चीत येऊन बसली. मिनिटभर थांबली आणि म्हणाली, 'झालं काय? मला तर काहीच ऐकू येत नाहीये.'

आवाज गायब झाला होता. आधी तुटक का होईना, पण येत होता. आता पूर्ण शांतता.

'चित्र मला कुठे दिसतंय बाळा,' ती म्हणाली. 'आवाज आला की हाक मार.' आणि उठून आत गेली.

खरं सांगते, मला रडू आलं. तीन दिवस मी पिक्सेलशी भांडत होते. ज्या एका माणसासाठी हे सगळं चाललं होतं, तिला चित्र नकोच होतं. तिला काय हवंय, हे मी विचारलंच नव्हतं.

आवाज कुठे अडला?

आता शहाणपण आलं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. टीव्हीच्या मागे दादानं हौसेनं आणलेला स्वस्तातला साऊंडबार होता. आवाज साऊंडबारऐवजी टीव्हीच्याच स्पीकरवर वळवला. आला! म्हणजे फाईल, सर्व्हर, वायर सगळं ठीक. घोळ टीव्ही आणि साऊंडबारच्या मध्ये.

२००९ च्या त्या कॅमेऱ्यानं आवाज डॉल्बी डिजिटल, म्हणजे एसी-३ फॉरमॅटमध्ये साठवला होता. टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल ऑडिओ आउटपुट होतं 'पास थ्रू'वर. म्हणजे टीव्ही म्हणणार, 'मी गाठोडं सोडणार नाही, आहे तसं पुढे देतो.' आणि आमच्या साऊंडबारला ते गाठोडं सोडता येत नव्हतं. मग आधी आवाज का येत होता? कारण ट्रान्सकोडिंग करताना सर्व्हर आवाजही सोप्या फॉरमॅटमध्ये बदलून देत होता. चित्र दुरुस्त केलं आणि त्यातच आवाजाचा आधार गेला. एक गाठ सोडवताना दुसरी बसते, ती अशी.

उपाय तीन : 'पास थ्रू' बदलून 'पीसीएम' केलं. आता गाठोडं टीव्ही सोडतो आणि साऊंडबारला साधा आवाज मिळतो. अर्ध्या मिनिटाचं काम.

आजीला हाक मारली. गौरी जेवणाचा दिवस होता, घर भरलेलं. आजोबा उठले, माईककडे चालले. बोलण्याआधी त्यांनी घसा साफ केला.

'खाकरले,' आजी म्हणाली. अजून एक शब्दही झाला नव्हता.

मग आजोबा बोलायला लागले. शाळेतल्या गोष्टी, गावातल्या गोष्टी, मध्येच एक विनोद. तेवढ्यात मागून एका बाईचा ठसक्यातला आवाज आला, 'अहो, माईक जवळ धरा की!' सोप्यात हशा पिकला. आजी चक्रावली. 'हे कोण?' 'आजी, तू!' 'अगं बाई! मी एवढी ओरडायचे?' ती हसत होती आणि पदरानं डोळे पुसत होती. त्या संध्याकाळी तिनं ते भाषण तीन वेळा लावायला लावलं.

कंगव्याच्या रेघा आणि २६ जीबीचं लग्न

आई-बाबांच्या लग्नाची कथा वेगळी. स्टुडिओनं ती कॅसेट 'डीव्ही' फॉरमॅटमध्ये दिली होती. यात एका तासाला १३ जीबी लागतात. दोन तासांचं लग्न, २६ जीबी. दादा ते पेनड्राईव्हवर टाकायला गेला तर फाईल कॉपीच होईना. पेनड्राईव्हवर जागा होती, पण तो 'फॅट-३२' पद्धतीनं फॉरमॅट केलेला होता आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावतच नाही.

शिवाय डीव्ही आमच्या टीव्हीला कळत नाही, म्हणजे प्रत्येक वेळी ट्रान्सकोडिंग आलंच. आणि हलणाऱ्या प्रत्येक गोष्टीच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा. याचं कारण जुन्या टीव्हीत आहे. आपल्याकडच्या 'पाल' पद्धतीत सेकंदाला २५ चित्रं असायची, पण प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत यायचं. आधी एक सोडून एक ओळी, मग उरलेल्या. याला 'इंटरलेसिंग' म्हणतात. दोन हप्त्यांच्या मधल्या क्षणात नवरीनं मान वळवली, की दोन्ही अर्धे जुळत नाहीत आणि कंगवा दिसतो.

इथे उपाय असा, की रोज रांधण्यापेक्षा एकदाच रांधून ठेवायचं. 'हँडब्रेक' नावाच्या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये 'डीइंटरलेस' सुरू करून फाईल एच.२६४ एमपी-४ मध्ये बदलली. रात्री लावली, सकाळी तयार. २६ जीबीचं लग्न चार जीबीच्या आसपास आलं आणि कंगवाही गेला. मूळ फाईल मात्र जपून ठेवली आहे. रूपांतर करताना थोडा दर्जा जातोच, म्हणून मूळ कधीच पुसायचं नाही.

जे चाललंच नाही

विसर्जनाच्या आदल्या रात्री समारंभाची तिसरी फाईल लावली. अकराव्या मिनिटाला चित्राचे चौकोन झाले आणि थांबलं. सवयीनं तीच फाईल लॅपटॉपवर व्हीएलसीत लावली. तिथेही तसंच. म्हणजे या वेळी वाट नव्हे, फाईलच गेली होती. डिस्कला कान लावला तर आत बारीक कट्‌ कट्‌ आवाज.

बाकीचं सगळं त्याच रात्री दुसऱ्या डिस्कवर घेतलं. तिसरी फाईल अर्धीच आली. चौदा वर्षांहून अधिक काळ आम्ही 'डिस्कवर आहे की' म्हणत निर्धास्त होतो. एकाच डिस्कवर होतं आणि कोणी उघडूनही पाहिलं नव्हतं.

त्या उरलेल्या अर्ध्या भागात आजी बोलली होती. आजोबांबद्दल, पहिल्यांदाच, सगळ्यांसमोर. मी तिला घाबरत घाबरत सांगितलं. ती म्हणाली, 'माझं काय गं? मी अजून आहे की. विचार काय विचारायचं ते.'

विसर्जन करून आल्यावर तिच्याजवळ बसले. पंखा बंद केला, मोबाईल तिच्याजवळ ठेवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं. चाळीस मिनिटं ती बोलत होती. ती फाईल आता तीन ठिकाणी आहे.

(चौकट)
चक्र फिरलं तर हे करून पाहा

* फाईल आधी लॅपटॉपवर व्हीएलसीमध्ये लावा. तिथेही अडली तर दोष फाईलचा किंवा डिस्कचा.

* बाहेरच्या नेटची वायर काढून पाहा. जेलिफिनसारखा घरातला सर्व्हर नेटशिवायही चालतो. प्लॅन वाढवण्याची घाई नको.

* 'प्लेबॅक इन्फो' बघा. 'डायरेक्ट प्ले' आहे की 'ट्रान्सकोड' आणि कारण काय लिहिलंय?

* निदान सर्व्हरचा लॅपटॉप तरी राउटरला वायरनं जोडा.

* चित्र आहे पण आवाज नाही? आधी टीव्हीच्या स्पीकरवर ऐका. मग डिजिटल आउटपुट 'पीसीएम' करा. फाईलमधला आवाज डीटीएस फॉरमॅटचा असेल तर अनेक टीव्हींना तो कळतच नाही. तेव्हा आवाज एएसी किंवा एसी-३ मध्ये बदलून घ्या.

* ओठ आधी आणि आवाज नंतर? ब्लूटूथ स्पीकर असेल तर वायरनं जोडून पाहा.

* सबटायटल लावल्यावरच अडकतंय? चित्ररूपातली सबटायटल्स अनेकदा व्हिडिओवर छापून द्यावी लागतात, त्यामुळे ट्रान्सकोडिंग सुरू होतं. साधी एसआरटी फाईल वापरा.

* एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं कशानं जमलं ते कळणार नाही.

* आठवणींच्या तीन प्रती ठेवा. दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर आणि त्यातली एक घराबाहेर. आणि वर्षातून एकदा त्या उघडून बघा.